एकाच हेलपाट्यात

पोराच्या कानामागे, केसांत पांढरी पेस्ट वाळून बसली होती. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाच्या, तारा चिकटवायची. ती दिसली आणि मी काढत असलेला चाचणीचा पेटारा परत कपाटात सरकवला.

"आज ईईजी करून आलात का?"

आई काही बोलायच्या आत आजोबाच, म्हणजे आप्पा, म्हणाले, "होय की मॅडम. सकाळीच मिरजेत उरकलं. आता तुमचं झालं की संध्याकाळच्या एसटीनं गावाकडं. एकाच हेलपाट्यात दोन्ही कामं."

मी सांगलीत लहान मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. मिरजेतल्या दवाखान्यांमुळे फिट येणारी, मेंदूज्वरातून उठलेली, डोक्याला मार लागलेली मुलं माझ्याकडे नेहमीच येतात. हा सहा वर्षांचा, तासगाव भागातला. फिटचं सिरप चालू होतं. शाळेची तक्रार अशी की सांगितलेलं विसरतो, फळ्यावरचं उतरवत नाही. लक्ष, स्मरण, भाषा, हात-डोळ्यांचा मेळ यांतलं नेमकं काय मागे पडतंय हे न्यूरॉलॉजिस्टना हवं होतं. औषधाने मंदावलाय का, हाही प्रश्न होता. फिटच्या काही औषधांनी मुलं सुस्तावतात, काहींनी चिडचिडी होतात, हे बघावंच लागतं.

"रात्री झोपला किती?"

"झोपूच दिलं न्हाई," आई म्हणाली. "दोन वाजेपर्यंत मोबाईल दाखवला, पुन्हा चारला उठवला. ईईजीवाल्यांनीच सांगितलं होतं."

त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. झोप मोडली की मेंदूतल्या विजेची गडबड आलेखात सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून पोराला जागवून आणायला सांगतात. आमचं नेमकं उलट. आम्हाला मूल झोप झालेलं, खाल्लेलं, औषध वेळेवर घेतलेलं, चष्मा असेल तर चष्म्यासकट हवं असतं. फोनवर तसं सांगितलंही जातं. दोन ठिकाणांहून दोन सूचना आल्या आणि घराने यंत्रवाल्यांची पाळली. त्यांच्या जागी मीही बहुतेक तेच केलं असतं.

त्यात तिथे झोप लागावी म्हणून त्याला सिरपही पाजलं होतं. पोरगं आईच्या खांद्यावर लोंबत होतं.

"आज चाचणी होणार नाही," म्हटल्यावर आप्पांचा आवाज चढला. छाटणीचे दिवस, बागेत माणसं लावून आलेले, मुलाचा बाप ट्रकवर. "काय वो मॅडम, चार ठोकळे तर लावायचेत! जेवढं येईल तेवढं लिहा की."

हे 'जेवढं येईल तेवढं' फार महागात पडतं. पेंगलेल्या मुलाचा आकडा कमी येतो आणि तो कागदावर कायमचा बसतो. शाळा तो वाचते, पुढचा डॉक्टर वाचतो. बरं, पुढच्या आठवड्यात तीच चाचणी परत घ्यावी तर मुलाला ठोकळे ओळखीचे झालेले असतात. मग बरेच महिने, शक्यतो वर्षभर थांबावं लागतं. आप्पांना एवढंच सांगितलं, "आज वाया घालवली तर वर्षभर हातात काही नाही."

ते गप्प झाले. पटलं असं नाही, पण वर्षाचा हिशोब त्यांना कळला.

दिवस मात्र फुकट गेला नाही. पोराला बाहेर सतरंजीवर झोपवलं आणि आईला घेऊन बसले. गरोदरपण, जन्मल्यावर लगेच रडला का, कधी बसला, कधी बोलला, पहिली फिट कशी होती, शेवटची कधी. मग रोजची कामं. शर्टाची बटणं लावतो का? "न्हाई, अजून मीच लावते." दारातून आप्पा म्हणाले, "आन् दुकानातनं सुट्टे पैसे मोजून आणतोय ते सांग की!" असं जे दोघांच्या बोलण्यातून निसटतं, ते कुठल्याही ठोकळ्यातून निघत नाही. आईने पिशवीतून वह्या काढल्या. ईईजी, एमआरआय, लसीकरणाचं कार्ड सगळे आणतात; शाळेची वही क्वचित. वहीत प्रत्येक ओळ सुरुवातीला नीट आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दापाशी तुटलेली.

मग आईने मोबाईल पुढे केला. 'आयक्यू'च्या कोड्यांचे व्हिडिओ. रोज संध्याकाळी सराव चालला होता. ते बंद करायला सांगितलं. तयारी करायची ती एवढीच: आदल्या रात्री लवकर झोप, सकाळी पोटभर नाष्टा, फिटच्या सिरपची वेळ चुकवायची नाही. आणि पोराला खरं सांगायचं, की एक मॅडम चित्रं दाखवतील, ठोकळे देतील, काही सोपं असेल, काही अवघड, नाही आलं तरी कोणी रागावणार नाही, सुई नाही. 'परीक्षा' हा शब्द घरात नको आणि 'नीट वाग, नाहीतर मॅडम टोचतील' तर मुळीच नको. आईने मान खाली घातली. ते वाक्य आधीच वापरून झालं होतं.

"इंग्लिशमधनं घ्याल ना? इंग्लिश मीडियम हाय," जाता जाता तिने विचारलं. पोरगं घरी आजीशी बोलतं त्याच भाषेत घेणार म्हटलं. व्ही. व्ही. कामतांनी बुद्धिमापनाची बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली ती कधीच्या काळी. आपल्याकडे अजून आईबापांना मराठीत चाचणी म्हणजे कमी दर्जाची वाटते.

दुसऱ्या खेपेला सकाळची वेळ दिली. पोरगं आत आलं ते विचारतच, "अवघड ठोकळे कुठायत?" लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी लावताना जिभेचं टोक बाहेर काढून, मान तिरकी करून बसायचा, चुकलं की स्वतःच मोडून परत लावायचा. मध्ये शेंगदाण्याचा लाडू, पाणी, अंगणात एक चक्कर. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी घेतला. त्या दिवशी आप्पा न कुरकुरता आले.

निष्कर्ष शाळेच्या तक्रारीपेक्षा वेगळा निघाला. डोळ्यांनी बघून करायच्या कामात तो वयाच्या बरोबरीने होता. कानावर पडलेलं मात्र फार थोडं टिकत होतं. दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी गेली. फळ्यावर बघून वहीत उतरवेपर्यंतही मधला शब्द निसटायचा. बाईंसाठी चिठ्ठी दिली: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी बाकावर छापील कागद. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, त्यांना अहवाल पाठवला.

आमच्याकडे आता तारीख देताना फोनवर आधी विचारतात, "त्याच दिवशी ईईजी नाही ना?" परवा एका बाईंनी उलट विचारलं, "आहे, मग दोन्हीत डिस्काउंट मिळेल का?"