तुम्ही विचारलंत म्हणून: नवं काही केलं की गेमचे मार्क वाढतात का?

गेमचा विषय निघाला की कुणीतरी मला विचारतंच, "नवीन काहीतरी करणाऱ्या गेमला समीक्षक भरभरून मार्क देतात ना?" देतात, पण नवेपणाचे नाही, ते नीट निभावल्याचे. नुसत्या नवेपणाने मार्क वाढत नाहीत, पांगतात.

'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घ्या. २०१७चा हा गेम मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांच्या मार्कांची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या साइटवर, ९७ला आहे. समोर डोंगर दिसला की चढायचा, हे त्यातलं नवं. माझ्या मात्र डोक्यात राहिलाय तो पाऊस. अर्ध्या कड्यावर असताना सर येते, गेमचा नायक लिंक, त्याचे हात निसटायला लागतात, दमाचं हिरवं वर्तुळ रिकामं होत जातं आणि आपण चरफडत आडोसा शोधतो. कल्पना इतकी शेवटपर्यंत नेली की मार्क येणारच. त्याचा पुढचा भाग, २०२३चा 'टिअर्स ऑफ द किंगडम', बराचसा त्याच नकाशावर उभा आहे. वस्तू जोडून वाहनं बनवायची भन्नाट सोय त्यात आली हे खरं, पण जमीन ओळखीची. तरी ९६! 'सुपर मारिओ गॅलेक्सी' २००७चा, दुसरा भाग २०१०चा, दोघांनाही ९७. दुसऱ्यात मारिओला पाठीवर घेणारा डायनासोर योशी आला, पाया तोच. म्हणजे नवलाई ओसरली तरी कारागिरी पक्की असेल तर मार्कांना फारसा धक्का लागत नाही.

आता उलट बाजू. जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमाचा 'डेथ स्ट्रँडिंग', २०१९. पाठीवर खोक्यांची चळत घेऊन ओसाड मुलुख पायी तुडवायचा. तोल जायला लागला की कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर दाबून पाठीवरचे पट्टे घट्ट धरायचे. नदी आडवी येते, तर तिथे कुण्या अनोळखी खेळाडूने ठेवलेली शिडी सापडते. तिला 'लाइक' देऊन पुढे निघायचं. जपानच्या फामित्सू मासिकाने याला ४० पैकी ४० दिले, आयजीएन या गेमिंग साइटने १० पैकी ६.८. मेटाक्रिटिकची सरासरी ८२. आकडा वाचून वाटतं, बरा असेल. मला तरी या गेमला 'बरा आहे' म्हणणारा माणूस अजून भेटलेला नाही.

यात समीक्षकांच्या कामाची रीतही आडवी येते. गेम त्यांना आधी मिळतो खरा, पण परीक्षण ठरल्या तारखेला द्यायचं असतं. रोज थोडं थोडं चालण्यात ज्याची गंमत आहे, तो गेम ते एका दमात संपवत असतात. ओळखीच्या साच्यातल्या गेमला अशा घाईचा त्रास कमी होतो, कारण नियम हाताला आधीच माहीत असतात.

त्यामुळे ऐंशीच्या घरातला एखादा विचित्र गेम घ्यावा का, असं विचाराल तर सरासरी बाजूला ठेवा. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं परीक्षण वाचा. खालचं जरा सावकाश. "नुसतं चालायचंच आहे" ही तक्रार वाचून तुम्हाला बरं वाटलं, तर गेम तुमचा.