गप्प टॅपेट

"आवाज बंद करायचाय का इंजिन?" मिस्त्रीमामांनी मान वर न करता विचारलं.

मी एवढंच म्हटलं होतं, बुलेट फार वाजतेय, हँडलही थरथरतंय, टॅपेट जरा आवळा. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना खालून ढकलणारा भाग.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटले. मग म्हणाले, "ठेवून जा. गरम इंजिनावर टॅपेट बघत नसतात."

संध्याकाळी पिस्टन वर आणून उजवीकडचं झाकण उघडलं आणि पुशरॉड, म्हणजे त्याच दांड्या, मलाच दोन बोटांत धरायला लावले. सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इनलेटचा, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, सैल होता, तोच वाजत होता. एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणाऱ्याचा, मात्र फिरेचना! मागच्या वेळी दुसऱ्या गॅरेजात मीच हट्टानं आवळून घेतला होता.

"वाजणारं टॅपेट नुसते कान खातं. गप्प बसलेलं व्हॉल्व्ह जाळतं."

आणि हँडलची थरथर? इंजिनाच्या वरच्या भागापासून, म्हणजे हेडपासून, फ्रेमला जाणाऱ्या पट्टीचा बोल्ट हातानं फिरत होता. बस्स. मी इकडे जाड ग्रिपांच्या किमती बघत बसलो होतो.

थोडी खडखड राहणारच. या इंजिनाभोवती पाणी नाही, आवाज दाबणार कोण? हल्ली आपल्यालाच सगळं मुकं हवं असतं, मिक्सरपासून माणसांपर्यंत.

घरी आलो तर बाबा फाटकात उभे. वळणावरूनच ओळखली म्हणे.

"पण आज जरा वेगळी वाजतेय. काय केलंस तिला?"