डब्यावरचा मामा

१७ जून २०२० ला क्वेकर ओट्सने 'आन्ट जेमायमा' हे पॅनकेकच्या पिठाचं नाव आणि त्यावरचं कृष्णवर्णीय बाईचं चित्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि वर्णद्वेषाविरुद्ध देशभर मोर्चे निघत होते. अंकल बेन्स तांदूळ, क्रीम ऑफ व्हीट लापशी, मिसेस बटरवर्थ सिरप, एकेकाच्या मालकांची 'आम्हीही विचार करतोय' अशी पत्रकं लगोलग आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बॉसची मेल आली. विषय: 'एक छोटा प्रश्न'.

मी शिकागोजवळच्या एका मसाल्याच्या कंपनीत पॅकेजिंगचं काम बघते. लहान कंपनी, एकाच घराण्याची, आता तिसरी पिढी गादीवर. आमचा सगळ्यात जुना माल म्हणजे करी पावडरचा पत्र्याचा डबा. प्रश्न असा होता: डब्यावरचं चित्र तुला अपमानकारक वाटतं का? तू भारतीय आहेस म्हणून विचारतोय.

डबा कसा होता ते सांगते. माणसाच्या डोक्यावर पगडी, पगडीला तुरा, तुऱ्याखाली लाल खडा, गळ्यात मोत्यांचे सर, पिळदार मिशी. थाट एखाद्या संस्थानिकाचा. आणि हातात ट्रे. ट्रेवर वाफाळता भात, आणि स्वारी कमरेत किंचित वाकलेली. राजाचे कपडे घालून वाढप्याचं काम. मालाच्या नावात 'साहिब' हा शब्द होता, पण साहिब चित्रात कुठेच नव्हता. साहिब म्हणजे डबा विकत घेणारा. ऑफिसात सगळे चित्रातल्या माणसाला 'राज' म्हणायचे. 'राजचा निळा या वेळी फिका आलाय.' 'राजची मिशी घडीवर येतेय, जरा बघ.' मीही म्हणायचे. नऊ वर्षं त्या मिशीची कड तपासायचाच पगार घेत होते.

गॅसवर दूध होतं आणि दहाची मीटिंग होती. मी एका ओळीत उत्तर टाकलं: मला काही वाटत नाही.

तीन दिवसांनी मालकांच्या बैठकीचा वृत्तांत सगळ्यांना आला. चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं, 'भारतीय कर्मचाऱ्यांशी चर्चा केली. आक्षेप नाही.' कर्मचाऱ्यांशी, अनेकवचनात! आणि चर्चा! दूध उतू जाऊ नये म्हणून घाईत लिहिलेल्या एका ओळीवर मी अख्ख्या भारताच्या वतीने सही करून बसले होते.

ते वाचल्यावर मात्र झोप लागेना. खरंच काही वाटत नव्हतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर आन्ट जेमायमाची भानगडही मला तोवर नीट कळली नव्हती. आपल्या कानाला 'आन्ट' आणि 'अंकल' खटकतच नाहीत. आपण रिक्षावाल्याला काका म्हणतो, भाजीवालीला मावशी. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र या शब्दांचा हिशेब वेगळा होता. मिस्टर, मिसेस हे गोऱ्यांसाठी. म्हाताऱ्या काळ्या माणसाला ते लावलं तर तो बरोबरीचा ठरणार, म्हणून त्याला अंकल, तिला आन्ट. वयाचा मान दिल्यासारखं करायचं आणि आडनाव गाळून टाकायचं. हे वाचताना माझ्या आईकडे कित्येक वर्षं भांडी घासणाऱ्या मावशी आठवल्या. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही. असो.

जेमायमा हे नाव १८८९ मध्ये मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावात पिठाला चिकटलं, तेही गोरे नट तोंडाला काळं फासून जे खेळ करत, त्यातल्या एका गाण्यावरून. पुढे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन नावाच्या बाई जेमायमा बनून पॅनकेक करून दाखवू लागल्या. त्या केंटकीत गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. आपल्याला १८९३ चं शिकागो म्हटलं की विवेकानंदच आठवतात, आणि ती सर्वधर्मपरिषदही याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. एकाच शहरात, एकाच मोसमात एक पगडीवाला व्यासपीठावर बोलत होता आणि एक बाई डोक्याला रुमाल बांधून हसत हसत पॅनकेक उलटत होती. दोघांना बघायला लोटलेली गर्दी थोडीफार तीच असणार.

मी बॉसला पुन्हा मेल केली. पहिलं उत्तर मागे घेते, आणि वृत्तांतातून 'भारतीय कर्मचारी' काढा, मी एकटीच आहे. तो बिचारा ओशाळला. मग म्हणाला, ठीक आहे, आता डब्याचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीत तूच ये. झालं. आक्षेप घेणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं.

समितीत विक्रीवाले 'बदला आणि लवकर बदला' म्हणत होते, कारण एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याने आडून चौकशी केली होती. घरातली मंडळी 'हा आमचा वारसा आहे' म्हणत होती. दोन्हीकडून दाखले यायचे. लॅन्ड ओ'लेक्स या मिनेसोटाच्या सहकारी संस्थेने लोण्याच्या पाकिटावरची आदिवासी बाई त्याच वर्षी काढली होती. पण १९५४ मध्ये तिला नवं रूप दिलं होतं पॅट्रिक डेजार्ले या ओजिब्वे जमातीच्या, म्हणजे आदिवासीच असलेल्या चित्रकाराने. मग तो अपमान की सन्मान? लोक थट्टाही करत होते, की बाईला घालवलं आणि तिची जमीन तेवढी ठेवली. लिलियन रिचर्ड या टेक्सासच्या बाईंनी अनेक वर्षं जेमायमा बनून गावोगाव प्रात्यक्षिकं केली होती. त्यांच्या घरचेच म्हणत होते, चित्र पुसाल तर आमच्या बाईचा इतिहासही पुसला जाईल. हा मुद्दा मला खोडता येईना. अजूनही येत नाही.

रंगसफेदी करून भागतं का, तेही बघून झालं होतं. १९८९ मध्ये जेमायमाचा रुमाल काढून मोत्यांची कुडी आणि लेसची कॉलर दिली. २००७ मध्ये अंकल बेनला जाहिरातीत कंपनीचा अध्यक्ष केलं. अध्यक्षाचं आडनाव मात्र तेव्हाही सापडलं नाही. आमच्याकडे कोणी सुचवलं, राजच्या हातातला ट्रे काढू या. मी स्क्रीनवर ट्रे खोडून बघितला. वाकलेला माणूस आणि पसरलेले रिकामे हात. भीक मागतोय असं दिसायला लागलं. ती सूचना तिथेच संपली.

शेवटी तत्त्वाच्या भांडणाचा निकाल बारकोडने लावला. नियम असा आहे की चित्र बदललं तर जुना बारकोड चालतो, पण ब्रँडचं नाव बदललं तर नवा घ्यावा लागतो. नवा बारकोड म्हणजे दुकानांच्या लेखी नवा माल: पुन्हा नोंदणी, पुन्हा फळीवरच्या जागेसाठी घासाघीस. म्हणून आधी चित्र जाणार आणि नाव मागून, असं ठरलं. आन्ट जेमायमाचंही तसंच झालं. चित्र आधी गेलं, आणि 'पर्ल मिलिंग कंपनी' हे नाव २०२१ च्या जूनमध्ये आलं.

नावाचं प्रकरण वकिलाकडे. मला वाटलं होतं, अपमानकारक नावाला सरकारच ट्रेडमार्क देत नसेल. तसा नियम होताही, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि तोही सायमन टॅम या आशियाई वंशाच्या संगीतकाराच्या दाव्यात, ज्याला आपल्या बँडसाठी मुद्दाम एक शिवीच हवी होती. म्हणजे कायदा आम्हाला काहीच सांगणार नव्हता. उलट वकिलाने भीती घातली, की जुनं नाव सलग तीन वर्षं वापरलं नाही तर ते सोडून दिलं असं धरतात, मग दुसरा कोणी उचलू शकतो. मालकांपैकी थोरल्या भावाचा चेहराच उतरला. आपला साहिब दुसऱ्याच्या डब्यावर! नव्या नावाचा अर्ज, मग राजपत्रात प्रसिद्धी, मग हरकतींसाठी तीस दिवस, यात वर्षाहून जास्त गेलं. अन्न विभागाची आधी परवानगी लागत नाही, ते एक बरं. वजनाचा आकडा दर्शनी बाजूच्या खालच्या तीस टक्क्यांत बसवला की झालं.

खरं डोकं खाल्लं ते जुन्या डब्यांनी. पत्र्याचा डबा छापील असतो. आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग वळवतात. लेबल असतं तर सोलून काढलं असतं. गोदामात छापलेले रिकामे डबे पडले होते, काही महिने पुरतील इतके. फेकायचे म्हणजे नुकसान, विकायचे म्हणजे बोंब. कोणीतरी म्हणालं, स्टिकर लावा. नमुना करायचं काम माझ्याकडे आलं. मी जेवणाच्या टेबलावर बसून एक गोल पिवळा स्टिकर राजच्या तोंडावर चिकटवला. वरून तुरा डोकावत होता. खाली ट्रे तसाच. स्टिकरवर लिहिलं होतं, 'चव तीच!' माझ्या मुलाने जाता जाता बघितलं आणि विचारलं, "आई, याला शिक्षा केलीय का?"

डबे भंगारात गेले.

मधल्या काळात मी शिकागोतल्या ओक वूड्स दफनभूमीत जाऊन आले. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये मोटारीच्या अपघातात गेल्या आणि जवळजवळ शंभर वर्षं त्यांच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो २०२० च्या सप्टेंबरमध्ये बसला, म्हणजे खोक्यावरून चित्र काढायचं ठरल्यावर. याच दफनभूमीत आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार आहेत. कृष्णवर्णीयांना १८९३ च्या त्या प्रदर्शनात मानाची जागा का नाही, हे विचारणारी पुस्तिका त्यांनी प्रदर्शनातच, हैतीच्या दालनात वाटली होती. मी गेले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. फुलं न्यायची असतात हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

येताना मनात एकच होतं. नॅन्सी ग्रीनना निदान नाव होतं. आमचा राज कोण? कोणीतरी खरा माणूस उभा राहिला असेल ना? कोणी शीख खलाशी, कोणी हॉटेलातला बंगाली? चित्र १९३४ चं. त्या काळात इथे आपल्या लोकांना नागरिकत्वच मिळत नव्हतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांनाही सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. तो दरवाजा उघडला १९४६ मध्ये. पगडी डब्यावर चालत होती, एवढंच.

तळघरातल्या फायलींत मूळ चित्राचा पुठ्ठा सापडला. जुन्या नोंदवहीत त्याचं वर्णन होतं, 'चित्र, हिंदू बटलर, रंगीत, नग १'. पाठीमागे पेन्सिलने चित्रकारासाठी सूचना: 'चेहरा अजून तपकिरी.' नाव कुठेच नाही. मग कोणीतरी म्हणालं, आत्याबाईंना विचार. या संस्थापकांच्या धाकट्या कन्या, वय एकोणनव्वद, आणि 'वारसा' पक्षाच्या खऱ्या सेनापती. समितीला त्यांनी थरथरत्या अक्षरात एक पत्र पाठवलं होतं, की त्या माणसाला हात लावाल तर बघा.

मी फोन केला. त्यांनी अगदी सहज सांगितलं, "तो माझा अंकल आहे."

मला वाटलं, पुन्हा तेच, लाडाने ठेवलेलं नाव. म्हणून माझ्याकडून आपला मराठी प्रश्न गेला, "अंकल म्हणजे वडिलांकडून की आईकडून?"

"आईचा भाऊ."

म्हणजे मामा, सख्खा. आयोवातला शेतकऱ्याचा मुलगा, मंदीत नोकरी गेलेली, बहिणीच्या घरी येऊन राहिलेला. चित्रकाराला मॉडेलचे पैसे द्यायला नकोत म्हणून मेव्हण्याने त्यालाच उभं केलं. पगडी म्हणजे जेवणाच्या खोलीचा पडदा. मोती आईचे. आत्याबाई तेव्हा तीन वर्षांच्या होत्या, पण पडदा काढल्यावर खिडकी उघडी पडली हे त्यांना आठवत होतं. तो मामा पुढे युद्धात गेला तो परत आलाच नाही. घरात त्याचा एवढा एकच चेहरा उरला होता, वरून तपकिरी रंग फासलेला.

जेमायमा कोणाचीच आत्या नव्हती, आणि आमचा राज मात्र खरोखर त्यांचा मामा निघाला! मला हसूही येईना. वर्षभर जिला मी आडमुठी म्हातारी समजत होते ती आपल्या मामाला सांभाळत होती. आणि ज्याच्या मानापमानाचं मला विचारलं गेलं तो भारतीय माणूस त्या डब्यावर कधी नव्हताच. त्याला पुसलं जाण्याची भीतीही नव्हती. समितीत हे सांगितल्यावर मोठ्याने कोणी काही बोललं नाही. पण त्यानंतर 'वारसा' हा शब्द कमी ऐकू आला.

नवा डबा २०२२ च्या अखेरीस आला. पिवळा, साधा, नाव पहिल्या गिरणीच्या रस्त्याचं. तक्रारींची पत्रं आली, बहुतेक 'तुम्ही झुकलात' अशा धर्तीची. एका देशी गृहस्थांनी लिहिलं, पगडी काढलीत, छान केलंत, आता पावडरीचंही काहीतरी करा.

पुठ्ठा आत्याबाईंना द्यायचं ठरलं. कंपनीची वस्तू बाहेर जाणार म्हणून पावती लागते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून फॉर्म भरत होते. 'वस्तूचं वर्णन' या रकान्यात नोंदवहीतलंच उतरवायचं असतं. मी 'हिंदू' इतकं लिहिलं आणि थांबले. ते खोडून त्यांना मामाचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आडनावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं, चष्मा लावून मी लिहिलेलं तपासलं, आणि सही केली.