मंडळाच्या दप्तराचा बॅकअप: सॉफ्टवेअर आणि रीरायटेबल डिस्क निवडतानाचा माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचं दप्तर आता जवळपास सगळं कॉम्प्युटरवर आहे. सभासदांची यादी, गणेशोत्सवाचे हिशेब, वाचनालयाचा कॅटलॉग, स्मरणिकांच्या फाइली आणि जुन्या हस्तलिखित इतिवृत्तांचे स्कॅन. बॅकअपचं काम माझ्याकडे आलं तेव्हा खजिनदार काका म्हणाले, "अरे, पेन ड्राइव्हवर टाक की, कशाला एवढा खटाटोप?"

पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क हवीच. पण ती जोडलेली असताना रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला, तर मूळ फाइलींबरोबर तीही जाते. क्लाउडची अडचण वेगळी. कार्यकारिणी बदलते आणि पासवर्ड मात्र जुन्या चिटणिसांच्या मोबाइलला बांधलेला राहतो. कपाटात ठेवलेल्या सीडी-डीव्हीडीसारख्या डिस्कला व्हायरस शिवत नाही आणि कार्यभार सोपवताना ती नव्या चिटणिसांच्या हातात ठेवता येते. आमचा ऐवज थोड्या जीबींचा, त्यामुळे 4.7 जीबीची डीव्हीडी पुरते. विंडोजमध्ये ती 4.37 जीबी दिसते, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे; डिस्क खोटी नसते.

डिस्कसाठी इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत फिरलो. "भैया, अब ये कौन लेता है?" असं एका दुकानदाराने विचारलंच. खरं आहे, पर्याय कमी होत चाललेत. डिस्क बनवणारी ग्रेटर नोएडाची मोझर बेअर कंपनी 2018मध्ये अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी 2025मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे (डीव्हीडीहून जास्त डेटा मावणाऱ्या) डिस्क बनवणं थांबवलं. म्हणून जे मिळतंय ते नीट पारखून घ्यायचं ठरवलं आणि दोन-तीन प्रकारच्या मोजक्याच डिस्क आणल्या.

वर छापलेलं नाव आणि आत बनवणारी कंपनी एकच असते असं नाही. इमबर्न (ImgBurn) हे डिस्क लिहिण्याचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क घालताच उजव्या बाजूला तिच्या उत्पादकाचा कोड दाखवतं. एमकेएम असेल तर मित्सुबिशी कागाकू मीडिया. मी प्रत्येक डिस्कचा कोड वहीत उतरवून ठेवला, कारण पुढच्या खेपेला त्याच खोक्यात दुसराच माल असू शकतो.

पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या (रीरायटेबल) डिस्कमध्ये डीव्हीडी-आरडब्ल्यू (मायनस) की डीव्हीडी+आरडब्ल्यू (प्लस)? मी प्लस घेतली. मायनसवर पुन्हा लिहिण्याआधी ती पुसावी लागते, प्लसवर थेट वरून लिहिता येतं. दोन्हींत एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीसारखं रंगद्रव्य नसून धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. लेसरने तो वितळून झटकन गार झाला की एक अवस्था, बेताने तापवला की दुसरी; डेटा याच फरकातून वाचला जातो. साधारण हजार वेळा लिहिता येतं असं कंपन्या सांगतात, पण मी तेवढ्यावर विसंबणार नाही. फिरत्या बॅकअपला आरडब्ल्यू उत्तम. लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि इतिवृत्तं मात्र एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरच हवीत, म्हणजे कुणाला चुकूनही पुसता येणार नाहीत.

सॉफ्टवेअर निवडायला जास्त वेळ गेला. एक विकतचं बॅकअप सॉफ्टवेअर चाचणीपुरतं लावून पाहिलं. दिसायला सुरेख, पण सगळ्या फाइली ते स्वतःच्याच एका मोठ्या फाइलीत कोंबतं आणि उघडायला तेच सॉफ्टवेअर लागतं. दहा वर्षांनी ते कुठून आणायचं? विंडोज स्वतः डिस्क लिहिण्याचे दोन पर्याय देतं. त्यातला 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखं' हा सोयीचा वाटतो, पण तशी डिस्क जुन्या मशीनवर अडते. शेवटी इमबर्नच पक्कं केलं. त्याला 2013नंतर नवी आवृत्ती आलेली नाही, तरी काम चोख. साध्या फाइली साध्याच राहतात आणि लिहून झाल्यावर ते डिस्क पुन्हा वाचून ताडून पाहतं.

मराठी नावांच्या फाइलींसाठी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली आणि त्यांची नावं मांडण्याची पद्धत, नीट निवडावी लागते. नुसत्या आयएसओ 9660 या जुन्या पद्धतीत देवनागरी बसतच नाही. तिच्याच जोलिएट या विस्तारात बसते, पण 64 अक्षरांपर्यंत, आणि काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'सर्वसाधारण' आपल्याला सहा अक्षरांचं दिसतं, कॉम्प्युटर दहा मोजतो. 'वार्षिक सर्वसाधारण सभा' म्हणत पुढे साल, विषय, तारीख जोडली की शेपूट कापली जाते. यूडीएफ या तिसऱ्या पद्धतीत नावाला जवळपास दुप्पट जागा मिळते, म्हणून मी यूडीएफ निवडलं. स्मरणिकांचे जुने अंक श्रीलिपी या स्वतःचे वेगळे फॉन्ट लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले आहेत. फॉन्ट नसेल तर ते उघडल्यावर निव्वळ खुणांची रांग दिसते, म्हणून प्रत्येक अंकाची पीडीएफही डिस्कवर घातली.

आता पडताळणी, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि दोष बऱ्याचदा कडेला निघतो. एका स्वस्त डिस्कवर सुरुवातीला वाचन सुरळीत चाललं. कडेजवळ येताच ड्राइव्हचा आवाज खाली उतरू लागला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला आणि स्क्रीनवरचा वाचनाचा आकडा एका जागी थबकला. ती डिस्क तिथेच बाद केली. दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर मुद्दाम काठोकाठ डेटा भरला आणि 4एक्स (डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या चौपट) वेगाने लिहिला. लिहायला पाऊण तासाच्या निम्म्याहूनही कमी वेळ लागला आणि शेवटपर्यंत वाचन एकसारखं झालं. यूएसबी ड्राइव्ह हबला न जोडता थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावला, कारण वीज कमी पडली की चांगली डिस्कही बिघडते.

एवढ्यावर न थांबता सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने फाइलींचे एसएचए-256 (फाइल जराही बदलली तर बदलणारे, बोटांच्या ठशांसारखे कोड) काढून डिस्कवरच ठेवले, आणि वाचनालयातल्या ताईंच्या जुन्या डेस्कटॉपवर तपासले. ज्या ड्राइव्हने लिहिलं तोच ड्राइव्ह आपली डिस्क सांभाळून घेऊ शकतो. खरी परीक्षा परक्या ड्राइव्हवरच. ताईंनी एका जुन्या सभेचं स्कॅन उघडलं, तळाची सही मोठी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हो, ही अगदी स्वच्छ दिसतेय. पुढचं पान काढ."

आता तीन आरडब्ल्यू आळीपाळीने फिरतात आणि कायमच्या संचाची एक प्रत देवासला एका सभासदांकडे असते. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून माळ्यावर काही ठेवत नाही. तळमजल्यावरचं लाकडी कपाट, उभ्या ठेवलेल्या डब्या. डिस्कवर लेबल चिकटवत नाही, मऊ टोकाच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर तारीख घालतो.

व्याख्यानमालेच्या कॅसेट डिजिटल व्हायच्या आहेत. त्या डीव्हीडीत मावणार नाहीत, तेव्हा 25 जीबीच्या बीडी-आरई (पुन्हा लिहिता येणाऱ्या ब्लू-रे) डिस्क आणि ब्लू-रे रायटर घ्यावा लागेल. काकांनी अंदाजपत्रकात ती रक्कम धरली आहे, आणि यादीत सुटा ड्राइव्ह एकाऐवजी दोन लिहायला त्यांनीच सुचवलं.