पाखरीच्या कष्टाची नोंद

आषाढ, मंगळवार, रात्री

आमची घोडी पाखरी गेली. नानांनी, माझ्या सासऱ्यांनी, दिवसभर तोंडात घास घेतलेला नाही. आत्याबाई गोठ्याकडे पाठ करून बसल्या आहेत. माझे हात कामात होते तोवर बरं होतं, आता चूल विझल्यावर जीव थाऱ्यावर नाही. म्हणून वही काढली.

आपल्याकडे राबणारं जनावर म्हटलं की बैलच डोळ्यांपुढे येतो. त्याचा पोळा असतो, शिंगांना बेगड लागते, पुरणपोळीचा घास मिळतो. घोडी म्हटलं की लोकांना वरात आठवते. पाखरीच्या पाठीवर एकही नवरदेव बसला नाही. तिने कापसात तण काढायचं कोळपं ओढलं, चारा वाहिला, दुधाचे कॅन पोचवले, दोंडाईच्याच्या बाजाराला मिरची नेली. या घरात मी आले तेव्हा ती आधीपासून कामाला होती, आणि गेल्या हंगामापर्यंत कामालाच होती. हे कुठे तरी लिहिलेलं असावं.

नानांनी तिला सारंगखेड्याहून आणलं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. काठेवाडी, मारवाडी, पंजाबी, लांबलांबची जनावरं येतात. हौशी लोक लाखांनी पैसे मोजतात. नाना गेले होते बैल बघायला. जोडीतला एक बैल दगावला होता आणि नवी जोडी घ्यायची ऐपत नव्हती. तिथे एका कोपऱ्यात ही बांधलेली, दोन दाती, म्हणजे अडीच-तीन वर्षांची. अंगावर केसांचा एक भवरा वाईट जागी होता म्हणून गिऱ्हाईक हात लावून पुढे जात होतं. घोड्याच्या बाजारात भवऱ्याला फार मान. चांगला भवरा किंमत चढवतो, वाईट पाडतो. नानांनी दात पाहिले, चारही टापा उचलून पाहिल्या, दहा पावलं चालवून पाहिली. व्यापाऱ्यानेच भवऱ्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "भवरा थोडाच काम करस? काम ते पाय करतस." आणि तिला चालवत घरी घेऊन आले.

गावात लोकांनी नावं ठेवली. घोडीने कुठे शेती होते का! खरी अडचण होती ती जुवाची. बैल खांद्याने ओढतो, घोडी छातीने. बैलाचं जू तिच्या मानेवर ठेवलं तर तिला श्वास घेता येईना. मग नानांनी जुन्या टायरची पट्टी कापली, आत्याबाईंनी तिला आतून गोधडीचे चार पदर लावून दाभणाने शिवलं. तो छातीचा पट्टा आजही खुंटीला आहे. गोधडीचा रंग पार गेलाय, घामाने ती कातड्यासारखी कडक झालीय, पण टाका एकही उसवलेला नाही.

काळ्या जमिनीचं गणित ज्याला माहीत आहे त्याला एका जनावराची किंमत कळेल. पाऊस पडला की चिखल, पाय घालता येत नाही. उघडीप मिळून वाफसा आला, जमीन कामाजोगी झाली, की मोजके दिवस हातात. तेवढ्यात कोळपणी झाली तर झाली, नाही तर तण कापसाच्या डोक्यावर. त्या दिवसांत भाड्याची जोडी मागून मिळत नाही, कारण सगळ्या गावाला एकाच वेळी हवी असते. आमच्या दारात पाखरी होती. एकटी दोन ओळींमधून चालायची, रोप तुडवायची नाही. तोंडाला मुसकं नसलं तरी पाल्याकडे मान वळवायची नाही. धुऱ्यावर पोचली की सांगावं न लागता वळायची आणि पुढच्या ओळीला लागून थांबायची, मी कोळपं उचलून नीट धरेपर्यंत.

तिचे कान काठेवाडी. टोकं आत वळलेली, दोन्ही कान उभे केले की वर एकमेकांना टेकायची. कोळप्यामागे चालताना मला दिवसभर तेच दिसायचे. एक कान पुढे वाटेवर, एक मागे माझ्याकडे. मी दमून थांबायच्या आत तो मागचा कान हलायचा आणि तीच पाऊल आवरायची. यांना पाठीच्या दुखण्याने शेतात जाता येत नव्हतं त्या पावसाळ्यात सगळं रान मी आणि तिने काढलं. मला कोळपं धरायची सवय नव्हती. ते तणात अडकलं की बैल जोर लावून ओढतो आणि मूठ हातातून सुटते, हे मी माहेरी पाहिलं होतं. ही थांबायची. त्या दिवसांत मी तिच्याशी जेवढं बोलले तेवढं घरात कुणाशी बोलले नाही.

मिरचीच्या दिवसांत मात्र बिचारीचे हाल. गाडीत पोती भरली की तिखट वास नाकात जायचा, गावाबाहेर पडेपर्यंत फुरफुर चालायची. तरी जायची.

एक शिंगरू झालं तिला. घोडीचे 11 महिने आत्याबाईंनी बोटांवर मोजले, तेवढे दिवस कोळप्याला हात लावू दिला नाही. शिंगरू पुढे नणंदेकडे शिरपूरला गेलं. आता तीही चांगली मोठी घोडी झालीय.

काल संध्याकाळी पाखरीने तोबऱ्यातला हरभरा तसाच ठेवला. भिजवून दिला होता, दात झिजल्यापासून तसाच द्यायचो. मग मान वळवून पोटाकडे बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली. पोटशूळ, नानांनी लांबूनच ओळखलं. डॉक्टर भर पावसात आले, इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घातली. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलेलं वरून निघूच शकत नाही, म्हणून ती नळी. त्यांनी जीव तोडून केलं, पण आतड्याला पीळ पडला असावा म्हणाले, आणि या वयात आशा धरू नका. आम्ही आळीपाळीने तिला अंगणात फिरवत राहिलो. झुंजूमुंजू होताना ती बसली ती बसलीच. नाना तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होते, "उठ वं माय, उठ. काय व्हयनं वं तुले?" सासऱ्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

जेसीबी बोलावला. मळ्यात निंबाच्या अंगाला खड्डा केला, खाली-वर मीठ घातलं. खड्ड्याला पाणी लागत होतं, ते बादल्यांनी उपसलं. आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नवं ब्लाउजपीस पाठीवर टाकलं. लेकीबाळीची पाठवणी करतात तसं.

शनिवार

वाफसा आला. भाड्याची जोडी दुपारनंतर मिळाली. बैल गुणी आहेत, तक्रार नाही. पण एका जुवात दोन बैल म्हणजे आमच्या अरुंद ओळीत रोपं मोडतातच. मोडलेली रोपं वेचताना नाना काही बोलले नाहीत.

शेजारच्या काकू म्हणाल्या, जनावरच ते, किती दिवस धरून बसशील. त्यांनी मायेनेच म्हटलं, पण मला पटत नाही. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. कानबाईचा रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही, अशी रीत. माझ्या पहिल्या कानबाईला आत्याबाई रोटाचा तुकडा घेऊन गोठ्यात निघाल्या तेव्हा मी दचकले होते. मागे वळून म्हणाल्या, "ही बी आपली घरनीच शे." त्या बाईला रीत कळत नाही असं गावात कुणी म्हणणार नाही. सगळ्या आळीची कानबाई त्यांच्याच हाताखाली उभी राहते.

यंदा मी एक ठरवलंय, आणि घरात सगळ्यांना ते पटलंय. पोळ्याला देवघरापुढे मातीच्या बैलांची जोडी पूजतो, तिच्याशेजारी मातीची घोडी ठेवायची. दरवर्षी. तिलाही पुरणपोळीचा नैवेद्य. आज बाजारात कुंभारदादांना सांगून आले. ते म्हणाले, घोडे करतो मी, पण ते खेळण्यातले, जीन-लगाम घातलेले. म्हटलं, जीन नको, दादा. छातीला पट्टा करा, आणि कान आत वळवून टोकं टेकवा. कान कसे ते त्यांना नीट समजेना, तेव्हा त्यांच्याच ओल्या मातीचा गोळा घेऊन मी करून दाखवले.