डोक्यावरचे कापड

गेल्या एप्रिलमध्ये अमळनेरहून जळगावला जात असताना धरणगावच्या अलीकडे काहीतरी मऊसर माझ्या टाळूला टेकले. आधी वाटले पाखरू शिरले. गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर छताचे कापड मधोमध सुटून लग्नाच्या मांडवासारखे खाली झोळ घेऊन लोंबत होते, आणि आरशात मागच्या ट्रकऐवजी तेच करडे कापड दिसत होते.

गाडी 2009 सालची, म्हणजे कापडाने तशी इमाने इतबारे नोकरी केली होती. छताच्या आत साच्यात दाबून घडवलेला एक जाड पुठ्ठा असतो आणि त्यावर कापड चिकटवलेले असते, पण थेट नव्हे. कापडाच्या पाठीला फोमचा पातळ थर असतो आणि डिंकाने पकडलेला असतो तो फोम. हा फोम पॉलियुरेथेनचा. 1937 साली जर्मनीत ज्या रसायनाचा शोध लागला, त्याने खानदेशातला मे महिना डोळ्यांसमोर ठेवला असण्याचे काही कारण नाही. आमच्याकडे सावलीतच पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो; उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होत असेल, ते स्टिअरिंगला हात लावणाऱ्यालाच ठाऊक. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने फोमचा भुगा होतो. डिंक पुठ्ठ्याला धरून राहतो, कापडही शाबूत असते, मधला दुवा तेवढा निखळतो. म्हणूनच वरून कितीही डिंक लावला तरी उपयोग होत नाही, कारण तो भुग्याला चिकटतो आणि भुगा कशालाच चिकटलेला नसतो. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळी छताचे अस्तर तारांच्या कमानींवर ताणून बसवलेले असे, त्यामुळे ही भानगड नव्हती.

पहिले दोन आठवडे मी टाचण्यांवर काढले. सोळा टाचण्या टोचल्या. पण खड्डा आला की एखादी सुटून मांडीवर पडे, आणि मागे बसणारी आई दर प्रवासाला पदर डोक्यावरून घेऊन बसू लागली. कुशनवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून जायला सांगितले. वास्तविक तेच करायला हवे होते. परंतु घरातला मिक्सर एकदा स्वतः दुरुस्त केलेल्या माणसाला जो एक आजार जडतो, तो मला जडलेला होता. त्याच्याचकडून फोम लावलेले दोन मीटर कापड आणि उष्णता सोसणाऱ्या डिंकाचा डबा घेऊन मी घरी आलो.

बॅटरीची ऋण तार सोडवून उन्हाच्या झडपा, हाताच्या मुठी, आतला दिवा आणि खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणे काढली. (ज्या गाड्यांना छताच्या कडेने एअरबॅग असते, त्यांच्या मालकांनी या उद्योगात पडू नये, माझ्या गाडीला ती नव्हती.) दोन चिमटे तुटले. सगळे स्क्रू आईच्या मिसळणाच्या डब्यात गेले, त्याचा निकाल संध्याकाळी लागला. पुढची आसने पूर्ण आडवी करून पुठ्ठा मागच्या दारातून बाहेर काढायचा असतो आणि तो जराही वाकवायचा नसतो. एकदा त्याला घडी पडली की ती कापडातूनही दिसते.

गच्चीवर नेऊन मी तो ब्रशने घासू लागलो. नारिंगी भुगा उडाला, आणि वारा नेमका आईने वाळत घातलेल्या बिबड्यांकडे, म्हणजे ज्वारीच्या पापडांकडे होता. वैशाखात आमच्या गच्च्या वाळवणाच्या मालकीच्या असतात, हे मी विसरलो होतो. बिबड्यांवर साडी पांघरून आईने मला पुठ्ठ्यासकट ओट्यावर हद्दपार केले. तिथे येणारा जाणारा थांबून विचारी, "काय करी राहयना रे भाऊ?" भुग्याने भरलेल्या नाकातोंडाने उत्तर देणे शक्य नव्हते.

डिंक दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग जोडायचे, अशी रीत. सकाळी दहाच्या उन्हात ही वाट पाहण्याची मुदत जवळजवळ शून्यावर येते. मी या टोकाला लावीपर्यंत ते टोक वाळून गेलेले. वर सगळे कापड एकदम अंथरण्याची घाई केली, तेव्हा मध्ये तळहाताएवढे फुगे आले. आई उंबऱ्यावर बसून पाहत होती. ओल्या फडक्यावर थापलेला बिबडा ती खाटेवर उलटवते तेव्हा आधी एक कड टेकवते आणि बाकीचे फडके हाताने तोलून हळूहळू सोडते. त्यामुळे खाली हवा राहत नाही. तिने तेवढेच सांगितले, आणि लाटणे आणून दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, गारव्यात, कापड अर्धे दुमडून मधल्या रेषेपासून सुरुवात केली. वीतभर डिंक, वीतभर कापड, वर लाटणे, पुढची वीत. दिव्याच्या खोलगट भागात कापड ताणून न बसवता बोटांनी आधी खळगा भरावा लागतो, नाहीतर ते कालांतराने तंबूसारखे वर उठते. हे मला उशिरा कळले.

छत आता बदामी रंगाचे आहे, झडपा जुन्याच करड्या. मागे डावीकडे, आई बसते तिथे, एक सुरकुती राहिली आहे आणि शेजाऱ्यांना ती पहिल्यांदा दाखवण्याचा मान तिने स्वतःकडे ठेवला आहे. दिव्याच्या कडेला या मे महिन्यात दोन रुपयांच्या नाण्याएवढा फुगा आला. धरणगावच्या फाटकाशी गाडी थांबली की मी तो अंगठ्याने दाबतो. अजून तरी तो नाण्याएवढाच आहे.