हात मुका झाला

आण्णांचे वार सोमवार-गुरुवार. त्या मंगळवारी सकाळीच ते डायलिसिस केंद्राच्या दारात उभे दिसले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"ताई, हात मुका झाला."

आमच्या पेशंटचा हात बोलतो. मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना शिवलेल्या असतात, तो फिस्टुला. एरवी धमनीतलं रक्त केसाहून बारीक वाहिन्यांतून शिरेत येतं, तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. म्हणून शिरा गप्प. फिस्टुलात हा मधला रस्ताच नाही. धमनीचा दाब थेट शिरेत शिरतो, दीड-दोन महिन्यांत ती फुगते, बोट ठेवलं की थरथरते, कान लावला की घरघरते. एवढी धार असल्याशिवाय मशीनला रक्त पुरत नाही. मिनिटाला 250 मिली, चार तास, म्हणजे 60 लिटर. अंगात असतं जेमतेम पाच लिटर. तेच बारा वेळा फिरून येतं. नऊ वर्षं हे काम करतेय, तरी या हिशेबाची मला गंमत वाटते.

आण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. फिस्टुलाचा हात उशाला घेऊन झोपायचे, मी कितीदा ओरडले तरी. म्हणायचे, "इंजिन चालू असलं की झोप लागते." मध्यंतरी "इंजिन हल्ली शिट्टी मारतंय" असंही म्हणाले होते. आम्ही सगळे हसलो होतो.

मी हात ठेवला. थरथर नाही. स्टेथोस्कोप लावला, पुन्हा लावला. शीर दोरीसारखी कडक. गुठळी.

कारण मला तिथल्या तिथे कळलं, असं वाटलं. सोमवारी ते म्हणाले होते, "लग्नात मठ्ठा जास्त झाला, अर्धा लिटर वाढवा." डॉक्टरांना विचारून मी साडेतीन लिटर पाणी काढलं. शेवटच्या तासाला बीपी 90 वर आलं. पाणी निघालं की रक्त दाटतं, दाब पडला की धार मंदावते, त्यात रात्रभर डोक्याचा भार. उशी त्यांची, पण अर्ध्या लिटरचा फोन माझा.

चोळू नका, काही खाऊ नका, एवढं सांगून डॉक्टरांना कळवलं. दुपारी आण्णा सोलापूरला सर्जनकडे. गुठळी लवकर निघाली तर फिस्टुला वाचतो. नाहीतर मानेत नळी, नवा फिस्टुला, पुन्हा दोन महिने वाट.

गुरुवारी आले ते मनगटावर पट्टी आणि हातात फाईल घेऊन. बारीक नळीच्या टोकावरच्या फुग्यानं गुठळी ओढून काढली होती. खाली आणखी एक ओळ होती: वरच्या बाजूला शीर अरुंद झालेली, तीही फुगवून रुंद केली. अरुंद जागेतून रक्त जोरात घुसलं की आवाज बारीक, चढा होतो. शिट्टीसारखा. शिकताना हे पाठ केलं होतं मी.

जखमेपासून लांब सुईची जागा शोधता शोधता विचारलं, "आण्णा, ती शिट्टी कधीपासून होती?"

"दिवाळीपासून. सांगितलं होतं की तुम्हाला."